हंगाम हरणांचा

आकाशातली धनुष्यबाणाची सर्वांत जुनी शिकार अजून निकाली निघालेली नाही. मृग नक्षत्राचे चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले एका ओळीतले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण आणि खाली झळझळतो तो व्याध म्हणजे बाण सोडणारा शिकारी. बाण लागून हजारो वर्षं झाली, तरी हरीण पडायला तयार नाही आणि शिकारी हटायला तयार नाही. यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, खटले इथे साधारण याच गतीने चालतात.

७ जूनच्या आसपास सूर्य या नक्षत्रात शिरतो आणि ‘मृग लागला’ म्हणत जिल्हा कामाला लागतो. पंचांग त्या वर्षीचं वाहन सांगतं. कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, म्हैस, गाढव, घोडा, हत्ती, उंदीर, यांतलं काहीही निघतं. हरीण मात्र या यादीत नाही. पावसाला ओढून आणायचं काम त्याच्याकडे दिलेलं नसावं. पाऊस पडल्यावर काय उगवलं ते तपासायचं काम त्याच्याकडे आहे. गंमत अशी की मृग लागतो त्या दिवसांत आकाशातला मृग दिसत नाही, तो सूर्यामागे दडलेला असतो. तो वर दिसेनासा होतो आणि त्याचे भाऊबंद खाली वावरात दिसू लागतात.

सरकी टोबून आठवडा झाला, सोयाबीन दोन पानांवर आलं, की केळापूर, राळेगाव, घाटंजी, झरी-जामणी या भागात हंगाम सुरू होतो. पाहुणे मुख्यतः तीन. चितळ, काळवीट आणि रोही, ज्याला पुस्तकात नीलगाय म्हणतात. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने यांत खरं हरीण एकटं चितळ. त्याची शिंगं गळतात आणि नवी येतात. काळवीट आणि रोही कुरंग कुळातले, त्यांची शिंगं जन्मभराची. शेतकरी हा भेद मानत नाही, कारण तिघांचेही दात दरवर्षी तितक्याच जोमाने चालतात.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हरणांचा हंगाम म्हटलं की उलटंच चित्र उभं राहतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबरच्या मध्याला धनुष्याचा हंगाम उघडतो; बंदूकवाल्यांना नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागतं. धनुष्यासाठी असा वेगळा हंगाम ठेवण्याची प्रथा या राज्याने १९३४ साली पाडली. तिच्यामागे एक विलक्षण माणूस होता. १९११ साली कॅलिफोर्नियात आपल्या याही जमातीतला शेवटचा उरलेला इशी जंगलातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर त्याच्यावर उपचार करता करता त्याच्याकडून तिरंदाजी शिकला आणि १९२३ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे मिसुरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलनने धनुष्याच्या टोकांना चाकं बसवली आणि १९६९ साली कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळवलं. दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा ताण कमी होतो, ही त्याची खुबी. अमेरिकन माणसाला आदिमानव व्हायचं असलं तरी खांदा दुखलेला चालत नाही.

त्याहून मोठा विनोद टेक्सासात आहे. यवतमाळच्या वावरात चरणारे तिन्ही पाहुणे तिथे केव्हाच स्थायिक झालेत. किंग रँच या अवाढव्य गुरांच्या जहागिरीने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रोही आणून सोडले. चितळ आणि काळवीट १९३० च्या दशकात पोहोचले. तिघांनाही तिथलं पाणी मानवलं. रोह्यांची संख्या आता हजारोंनी मोजतात. टेक्सासच्या कायद्यात ते परदेशी म्हणून धरले जातात, त्यामुळे त्यांच्यासाठी बंद-चालू असा हंगामच नाही. परवाना काढा, जमीनमालकाला डॉलर मोजा आणि बारा महिने धनुष्य घेऊन फिरा. घाटंजीचा शेतकरी ज्याला हाकलण्यासाठी रात्रभर जागतो, त्याला नुसतं गाठण्यासाठी लोक तिथे रात्रभर गाडी चालवत येतात. निर्यातीचं धोरण कापसाबाबत दर वर्षी बदलतं, रोह्याबाबत मात्र कुणी विचारच केला नाही.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय मिटवला. कलम ९ प्रमाणे शिकार बंद. बाण असो, बंदूक असो की फासा. या शेवटच्या शब्दामागे एका समाजाचं अख्खं आयुष्य आहे. फासेपारध्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या जोरावर जन्मजात गुन्हेगार ठरवलं, स्वतंत्र भारताने १९५२ साली तो शिक्का पुसला आणि वीस वर्षांनी त्यांच्या हातातलं एकमेव कसबच गुन्हा झालं. यात विनोद शोधायला जाऊ नये.

विनोद आहे तो व्याख्येत. या कायद्यातली ‘शिकार’ भलती ऐसपैस आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, आमिष दाखवणं, हाकणं आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, सगळं त्यात येतं. अक्षर न् अक्षर धरून वाचलं, तर मध्यरात्री थाळी बडवत रोह्याला धुऱ्यापार घालवणारा मनुष्यही शिकारी ठरायचा. सुदैवाने वनरक्षक कायदा इतक्या बारकाईने वाचत बसत नाही. त्यालाही त्याच गावातून ये-जा करायची असते.

कायद्यात एक खिडकी आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते आणि रोही व रानडुक्कर यांच्याबाबत राज्य शासनाने २०१५ साली ती वाट जरा रुंदही केली. बिहारने तर केंद्राकडून रोह्याला उपद्रवी ठरवून घेतलं. २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून जास्त रोही मारले आणि दिल्लीत मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच सरकारातले दोन मंत्री एकमेकांवर शब्दांच्या फैरी झाडू लागले. यवतमाळात मात्र परवाना ही कागदावरचीच गोष्ट राहते. बंदूक नाही, काडतुसाला पैसे नाहीत आणि नेम चुकून शेजाऱ्याच्या बैलाला लागला तर पुढच्या तीन पिढ्यांची भांडणं कोण निस्तरणार?

धनुष्य वापरावं म्हटलं, तर परंपरा पाठीशी उभी राहत नाही. आपल्या पुराणांत धनुष्याने हरीण मारायला गेलेल्यांचं रेकॉर्ड भयंकर आहे. दशरथाने आवाजावरून बाण सोडला, प्राणी समजून, आणि बळी गेला श्रावणबाळ. पंडूने जोडीतलं हरीण टिपलं, तो निघाला किंदम ऋषी. शाप असा बसला की सगळं महाभारत त्यातून पुढे वाहिलं. जरा नावाच्या व्याधाने झुडपाआड हरणाचा कान पाहिला, ते होतं श्रीकृष्णाचं पाऊल. आणि महाराष्ट्राच्या हद्दीतली सर्वांत गाजलेली शिकार नाशिकच्या पंचवटीतली. तिथे नेम चुकला नाही, बाण बरोबर लागला, मारीच पडला. पण तेवढ्या वेळात घरी जे व्हायचं ते होऊन गेलं. दुष्यंत एकटा सुटला, कारण आश्रमवासीयांनी त्याला बाण सोडण्याआधीच थांबवलं. त्यालाही पुढे लग्न, विसर आणि अंगठी हा व्याप झालाच. एवढा पुरावा समोर असताना वनखात्याला वेगळा कायदा करायची गरज का पडली, हा प्रश्नच आहे.

तरीही धनुर्धारी शिकाऱ्याची झाडून सगळी सामग्री यवतमाळच्या शिवारात सापडते. फक्त उलटी घातलेली.

अमेरिकन शिकारी झाडाला टांगलेल्या आसनावर बसतो, कमरेला पट्टा बांधतो, कारण या छंदात बाणापेक्षा झाडावरून पडून जखमी होणाऱ्यांचीच चिंता जास्त. केळापूरचा शेतकरी जागलीला मचानावर बसतो. चार बल्ल्या, वर बांधलेली बाज, पऱ्हाट्यांचा किंवा ताडपत्रीचा आडोसा. पट्टा नाही; झोप लागली तर गडी आपोआप खाली येतो. शिकारी अंगाला माणसाचा वास राहू नये म्हणून बिनवासाच्या साबणाने आंघोळ करतो, कपडे वेगळ्या डब्यात ठेवतो, वारा कुठून येतो ते पाहून झाड निवडतो. इकडे माणसाचा वास मुद्दाम पेरावा लागतो. गावातल्या केशकर्तनालयातून केसांची पोती उचलून धुऱ्यावर टाकणारे शेतकरी आहेत. रानडुकराच्या नाकात केस गेले की ते मागे फिरतं, अशी श्रद्धा. शिकारी श्वाससुद्धा जपून सोडतो. इकडे थाळ्या, डबे, दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब, लाऊडस्पीकरवर वाघाची डरकाळी आणि तारेला टांगून वाऱ्यावर एकमेकींवर आपटणाऱ्या रिकाम्या बाटल्या. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिथे पीक राखायला इतक्या बाटल्या येतात कुठून, हे विचारण्याची पद्धत नाही.

साड्यांचा प्रयोग तर सगळ्या विदर्भाला ठाऊक. जुन्या साड्या धुऱ्याभोवती बांधल्या की दुरून वावर लग्नाच्या मांडवासारखं दिसतं. यात एक बारीक अडचण आहे. हरणांच्या आणि कुरंगांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. लाल-नारिंगी त्यांना मळकट दिसतो, निळा मात्र झक्क दिसतो. म्हणूनच अमेरिकेत बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांना भडक नारिंगी जाकीट घालायला लावतात. दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावं, हरणाला दिसू नये. तेव्हा घरातली लाल साडी बांधून उपयोग नाही, निळी बांधावी, इतका सल्ला विज्ञान देतं. पण कोणती साडी जुनी झाली हे ठरवण्याचा अधिकार विज्ञानाकडे नाही, शेतकऱ्याकडेही नाही.

आणि साडी निळी असली तरी तिचा धाक थोड्या दिवसांचाच. फडफडणाऱ्या कापडातून माणूस निघत नाही, स्पीकरमधून वाघ निघत नाही, हे कळपाच्या ध्यानात आलं की बुजगावण्याच्या सावलीत रवंथ सुरू होतं. मग सौरऊर्जेवरचं झटका मशीन येतं. ते खरोखर काम करतं. बारीक धक्का बसतो, जनावर दचकून पळतं, मरत नाही. पण झटका मशीन लावलेल्या वावरातून पळालेला कळप अदृश्य होत नाही, तो शेजारच्या वावरात जातो. गावात एकाने मशीन घेतलं की वर्षभरात सगळ्यांना घ्यावं लागतं ते यामुळे. उसनवारीने का होईना. वीजचोरी करून कुंपणात थेट प्रवाह सोडणारे मात्र रोह्याबरोबर माणसंही मारतात. तशा बातम्या दर हंगामात येतात आणि तिथे कायदा कुणाचीही गय करत नाही, करूही नये.

वासाचा विषय निघालाच आहे, तर २०१८ साल आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ म्हणजे अवनी वाघिणीचा माग काढायला वनखात्याने हत्ती आणले, ड्रोन उडवले, मोटारीचा पंखा लावलेलं पॅराग्लायडर आणलं, एका गोल्फपटूची परदेशी जातीची कुत्री आणली आणि शेवटी ‘ऑब्सेशन फॉर मेन’ हे केल्व्हिन क्लाइनचं पुरुषी अत्तर आणलं. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात मोठ्या मांजरांना त्याचा वास फार आवडल्याचं आढळलं होतं; त्यात कस्तुरी-मांजराच्या स्रावाशी नातं सांगणारा घटक असतो. ज्या तालुक्यात लग्नाला जाताना अत्तराचा फाया कानात घालतात, तिथे परदेशी अत्तर झुडपांना लागलं. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळीनेच मेली. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले होते. ती कशी मारली यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. ज्या गावांनी ते दिवस काढले त्यांच्यासाठी यात हसण्यासारखं अत्तराखेरीज काही नव्हतं. त्या काळात सूर्य मावळला की वावर ओस पडायचं. जागल बंद. रात्रीचं शिवार पूर्णपणे चितळांच्या आणि रोह्यांच्या ताब्यात. खरं तर वाघ असला की हरणं कमी व्हायला हवीत, हे शाळेत शिकवलेलं गणित; पण वाघ रोज हरीण खात नाही आणि हरीण रोज सोयाबीन खातं.

शिवाय वाघ इथे टिकेल याचीही खात्री नाही. टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे जन्मलेला टी१-सी१ नावाचा तरुण वाघ २०१९ साली गळ्यात कॉलर घालून निघाला, तेलंगणात डोकावला, नांदेड-हिंगोलीकडून फिरत फिरत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पायपीट मोजली तेव्हा ती ३,००० किलोमीटरच्या वर भरली. पेपरांनी त्याला ‘वॉकर’ नाव दिलं. बायको शोधायला जिल्हा सोडावा लागलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना ही बातमी फारशी नवी वाटली नसावी.

त्याच टिपेश्वरात पावसाळ्यानंतर फाटक उघडलं की शहरी शिकाऱ्यांचा हंगाम लागतो. हातात हातभर लांबीची लेन्स, अंगात पानाफुलांच्या छापाचं जाकीट. जिप्सी सुन्ना फाटकातून आत शिरते. वळणावर पंचवीस-तीस चितळांचा कळप उभा असतो, उन्हात ठिपके चमकत असतात. कुणीतरी म्हणतं, “चितळ आहेत, चला पुढे.” तिकीट काढून, भल्या पहाटे उठून आलेल्या माणसाला चितळ म्हणजे वाघाच्या वाटेतला अडथळा. चितळाने ओरडून वाघाचा पत्ता सांगितला तरच त्याला किंमत. फाटकाबाहेर पाच मैलांवर एक माणूस याच कळपाकडे टॉर्च रोखून रात्रभर बसलेला असतो आणि त्याला फोटो काढण्याची इच्छा होत नाही.

नुकसान झाल्यावर भरपाई आहे. तीन दिवसांत अर्ज, मग वनखात्याचा माणूस, तलाठी आणि कृषी सहायक या तिघांनी मिळून पंचनामा. तिघं एकाच दिवशी एकाच धुऱ्यावर येणं हा ग्रहयोग रोह्याच्या दर्शनापेक्षा दुर्मीळ. खुरांचे ठसे दाखवायचे असतात आणि नेमका त्या रात्री पाऊस पडतो, ज्याची आठवडाभर वाट पाहिलेली असते. अर्जात प्राणी कोणता ते लिहायचं. शासन निर्णयात हरणांपुढे कंसात ‘सारंग व कुरंग’ असे शब्द आहेत. कालिदासाने समाधानाने मान डोलावली असती. अर्जदाराचा प्राणी मात्र रात्री दोन वाजता आलेला असतो आणि त्याची पाठ तेवढी दिसलेली असते.

जिल्ह्याला या सगळ्याची एक जुनी उधारी आठवते. १९३० च्या जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलात शिरून गवत कापलं आणि अटक करवून घेतली. जंगल सत्याग्रहाची ठिणगी तिथून वऱ्हाड-मध्यप्रांतात पसरली. त्या वेळी माणसं सरकारी गवत कापायला जंगलात शिरली होती. आता जंगल खाजगी पीक कापायला माणसांत शिरतं. फरक एवढाच की या सत्याग्रहींना अटक होत नाही.

बाण सोडायचाच असेल, तर कागदावर. विदर्भाने तिथे बाजी मारलेली आहे. नागपूरच्या ओजस देवतळेने ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पन्नास मीटरवरून पंधरा बाण सोडले आणि दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं. हातात अ‍ॅलनचं तेच चाकांचं धनुष्य. त्याच दिवशी साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामीही जगज्जेती झाली. त्यांचं लक्ष्य स्वस्थ उभं राहतं, वारा आला तरी पळत नाही आणि सोयाबीन खात नाही.

नोव्हेंबर उजाडतो तेव्हा दुसरा हंगाम सुरू होतो. हरभरा उगवतो. रात्रीच्या वेळी कृषिपंपाला वीज येते, त्यामुळे पाणी द्यायलाही अंधारातच जावं लागतं आणि रोही तिथे आधीच हजर असतात. हरभऱ्याचे शेंडे वेळेवर खुडले तर फांद्या जास्त फुटतात आणि घाटे वाढतात, हे कृषी खातं सांगतं. घरची बाई हेच शेंडे खुडून भाजी करते. कळप पहिल्यांदा येतो तेव्हा तोही नेमके शेंडेच खातो. म्हणजे पहिल्या फेरीपुरतं त्याचं काम शास्त्रशुद्ध आणि फुकट असतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मात्र त्याला कुठे थांबावं ते कळत नाही. पंचनाम्यात त्या पहिल्या खुडणीची मजुरी वजा करण्याची कल्पना अजून कुणा साहेबाला सुचलेली नाही, आणि हे वाचून सुचू नये अशी केळापूरकरांची विनंती आहे.